स्पेनची शहरे : काय पाहावे, कसे पाहावे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्पेन देशातल्या मोठ्या शहरांविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. विषय प्रवासाचा, म्हणजे तसा हलकाफुलका. पण आपल्या समाजात स्पेनचे नाव निघाले की तो हलका राहत नाही. कोणी उसासा टाकतो, कोणी म्हणतो, ‘आठशे वर्षे राज्य केले आणि हातचे घालवले.’ जलशात स्पेनवर जोरदार तकरीर होते, श्रोते डोळे पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरातला मुलगा शाळेला दांडी मारतो. मला तशी तकरीर करायची नाही. स्पेनला कोणी गेले तर काय पाहावे आणि कोणत्या नजरेने पाहावे, एवढेच सांगायचे आहे. आखातात नोकरीला असलेली आपली मुले हल्ली सुट्टीत युरोप पाहून येतात. तुमच्यापैकी काहींनाही आज ना उद्या ही संधी मिळेल. ज्यांना मिळणार नाही त्यांनी हे ऐकून घ्यावे; त्याला तिकीट लागत नाही.

आधी त्या ‘आठशे वर्षां’चा हिशेब करू. तारिक बिन जियाद सन 711 मध्ये समुद्र ओलांडून गेला आणि ग्रॅनडा 2 जानेवारी 1492 रोजी ख्रिस्ती राजाराणीच्या स्वाधीन झाले. म्हणजे पावणेआठशे वर्षांचा आकडा एका ग्रॅनडापुरता खरा. तोलेदो 1085 मध्येच गेले, कॉर्डोबा 1236 मध्ये आणि सेव्हिल 1248 मध्ये. बार्सिलोना तर 801 मध्येच गेले होते. एका दिवसात काहीच गेले नाही. चारशे वर्षे एकेक शहर जात होते, आणि ते जात असताना आपापसातली भांडणे चालूच होती. अल्हम्ब्रा ज्याने बांधायला घेतला त्या ग्रॅनडाच्या पहिल्या नसरी सुलतानाने सेव्हिलच्या वेढ्यात कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाच्या बाजूने आपली फौज पाठवली होती. हे आपल्या तकरिरींत कधी येत नाही.

आता प्रवासाला निघू. विमान बहुधा माद्रिदला उतरते. ही स्पेनची राजधानी मुसलमानांनी वसवली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नवव्या शतकात कॉर्डोबाचा अमीर पहिला मुहम्मद याने सरहद्दीवर एक गढी बांधली. तिचे नाव मजरीत, त्याचेच पुढे माद्रिद झाले. आजच्या मोठ्या कॅथेड्रलजवळ त्या तटाचा एक तुकडा उभा आहे. त्या कॅथेड्रलचे ‘आल्मुदेना’ हे नावसुद्धा गढीला असलेल्या अरबी शब्दावरून पडले. तट पाहायला अर्धा तास पुरतो. राजवाडा आणि चित्रसंग्रहालय पाहायचे तर दोन दिवस हवेत.

पण विद्यार्थ्याने माद्रिदहून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या एस्कोरियलला जरूर जावे. सोळाव्या शतकात दुसऱ्या फिलिप राजाने बांधलेला तो प्रचंड मठ आणि राजवाडा. त्याच्या ग्रंथालयात अरबी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. त्यातला बराच भाग मोरोक्कोच्या सुलतानाचा: 1612 मध्ये त्याची पुस्तके घेऊन जाणारे जहाज स्पेनच्या आरमाराने पकडले आणि पुस्तके इथे आणून ठेवली. 1671 च्या आगीत त्यांतली पुष्कळ जळाली. उरलेल्यांची यादी अठराव्या शतकात कासिरी नावाच्या लेबनॉनी पाद्र्याने केली. ग्रंथ कसे येतात, कसे जातात आणि शेवटी कोणाच्या हाताने वाचतात, याचा हा एक धडाच आहे.

याच ग्रंथालयात आणखी एक पोथी आहे, तिचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. ती 976 साली उत्तर स्पेनमधल्या एका ख्रिस्ती मठात लिहून पूर्ण झाली. लॅटिन भाषेतली ही पोथी मुख्यतः धर्मसभांच्या ठरावांची; पण तिच्यात एका जागी 1 ते 9 हे आकडे काढले आहेत आणि हिंदी लोक बुद्धीने फार सूक्ष्म, गणितात सर्वांच्या पुढे, असे म्हटले आहे. शून्य मात्र त्यात नाही. पश्चिम युरोपात हे आकडे लिहिलेला याहून जुना कागद अद्याप सापडलेला नाही. हिंदुस्थानातून बगदादला, बगदादहून अंदलूसला आणि तिथून त्या मठात, असा त्या नऊ आकड्यांचा प्रवास झाला. मुलांनो, पाढे पाठ करायचा कंटाळा येईल तेव्हा हे आठवा. ज्या आकड्यांना जग ‘अरबी’ म्हणते त्यांना अरब स्वतः ‘हिंदी’ म्हणत आले.

माद्रिदहून तोलेदो आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तीन बाजूंनी नदीचा वेढा आणि मधे टेकडीवर गाव. तिथे एक छोटी मशीद आहे, आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीपेक्षाही लहान. ती पुढे चर्च झाली, पण तिच्या दर्शनी भिंतीवर विटांनी जुळवलेला अरबी शिलालेख कायम आहे आणि त्यावरून ती इसवी सन 999-1000 च्या सुमाराची ठरते. अकराव्या शतकात या शहरात साइद अल-अंदलुसी नावाचे काझी होते. त्यांनी 1068 मध्ये एक पुस्तक लिहिले: जगातल्या कोणकोणत्या कौमांनी इल्म वाढवला, याचा आढावा. त्यांनी अशा आठ कौमा मोजल्या आणि पहिले नाव कोणाचे घातले? हिंदुस्थानचे. एक काझी, मशिदीत बसणारा, हिंदुस्थान डोळ्यांनी न पाहिलेला; पण ज्याचे श्रेय त्याला द्यायला त्याची लेखणी अडखळली नाही.

सतरा वर्षांनी तोलेदो ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. मग ग्रंथ जाळले गेले का? इथे तसे झाले नाही. पुढच्या शतकात युरोपभरचे विद्यार्थी या गावाकडे धावत आले. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड हा टॉलेमीचा एकच ग्रंथ शोधत आला, तो लॅटिनमध्ये नव्हता, अरबीत होता. तिथली पुस्तके पाहून त्याचे डोळे दिपले. तो अरबी शिकला, 1187 मध्ये मरेपर्यंत अनुवादाचे काम करत राहिला आणि सत्तराहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये नेले. इब्न सीनाचा ‘कानून’ त्यांतलाच. त्या टॉलेमीच्या ग्रंथासाठी त्याला गालिब नावाच्या माणसाची मदत झाली. हा गालिब अरबी बोलणारा ख्रिस्ती. दुसऱ्या एका जोडीत एक यहुदी विद्वान अरबी वाचून बोलीभाषेत सांगत असे आणि एक ख्रिस्ती पाद्री ते ऐकून लॅटिनमध्ये उतरवत असे. मुसलमानाचे पुस्तक, यहुदी वाचणारा, ख्रिस्ती लिहिणारा. तोलेदोच्या गल्ल्यांतून फिरताना हे डोळ्यांसमोर आणा. नाहीतर तिथली तलवारींची दुकाने पाहून परत याल.

माद्रिदहून कॉर्डोबाला जलद गाडी दोन तासांच्या आत पोहोचवते. हेच आपले कुर्तुबा. नदीचे नाव ग्वादलकिवीर, म्हणजे ‘अल-वादी अल-कबीर’, मोठी नदी. रोमन पायावरचा पूल ओलांडला की समोर जामा मशीद. पहिल्या अब्दुर्रहमानने 785 च्या सुमारास तिचे बांधकाम सुरू केले आणि पुढच्या दोनशे वर्षांत ती चार टप्प्यांत वाढली. आत पाऊल टाकले की खांबांचे जंगल. आजही साडेआठशेच्या वर खांब आहेत. कमानीवर कमान, लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांची. ती दुहेरी कमान केवळ शोभेसाठी नाही. जुन्या रोमन इमारतींचे खांब आणून वापरले, ते पडले आखूड. छत तर उंच हवे. मग कारागिराने एका कमानीवर दुसरी चढवली. जे हाती होते त्यातून मार्ग काढला आणि ती तोड जगातले नवल ठरली. दुसऱ्या हकमने केलेल्या मेहराबीवर सोनेरी काचेच्या तुकड्यांचे काम आहे. त्यासाठी कारागीर आणि तुकडे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बादशहाकडून आले होते.

1236 नंतर ही वास्तू चर्च झाली आणि 1523 पासून तिच्या मध्यभागी खांब काढून कॅथेड्रल उभारले गेले. आजही ते चालू कॅथेड्रल आहे. तिथे नमाज पढायला परवानगी नाही. कोणी प्रयत्न केला तर रखवालदार लगेच अडवतात. तिथे वाद घालू नका. मेहराबीसमोर दोन मिनिटे शांत उभे राहा आणि नमाजसाठी शहरात दुसरीकडे जा. जगाचा वारसा म्हणून 1984 पासून या वास्तूचे जतन होत आहे, एवढे समाधान पुरे.

पण कॉर्डोबात जे पाहण्यासारखे होते त्यातले सर्वांत मोठे आज दिसतच नाही. दुसरा हकम 961 मध्ये गादीवर आला. त्याच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तके होती असे जुने लेखक सांगतात. आकडा फुगवलेला असेल. जुन्या लेखकांना मोठ्या आकड्यांची हौस असे. पण नुसत्या नावांची यादी चव्वेचाळीस वह्यांची होती, असेही नोंदलेले आहे. गरिबांच्या मुलांसाठी त्याने शहरात सत्तावीस शाळा काढल्या आणि शिक्षकांचा पगार सरकारातून दिला. माता-भगिनींनी आता जरा लक्ष द्यावे. याच हकमच्या दरबारात लुबना नावाची कातिबा होती. व्याकरण, हिशेब आणि सुंदर हस्ताक्षर यांत तिची बरोबरी करणारे थोडे होते. आणखी एका जुन्या इतिहासकाराने लिहिले आहे की, शहराच्या पूर्वेच्या एकाच मोहल्ल्यात एकशे सत्तर बाया कुरआन शरीफच्या प्रती लिहून काढत. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आणि आपल्याकडे मुलगी दहावी झाली की ‘आता पुरे, पुढे शिकवून काय करायचे’ असे म्हणणारे वडील अजून भेटतात. स्पेनचे नाव घेऊन उसासा टाकणाऱ्यांतच ते असतात.

त्या ग्रंथालयाचे काय झाले, हे ऐकायला कडू आहे. हकम वारला तेव्हा मुलगा लहान. सत्ता अल-मन्सूर या हाजिबाच्या हाती गेली. लोकांत आणि उलेमांत आपले वजन वाढावे म्हणून त्याने तत्त्वज्ञानाची आणि ज्योतिषाची पुस्तके निवडून काढायला लावली. काही जाळली, काही राजवाड्याच्या विहिरीत टाकून वर दगडमाती लोटली. हे कोणी पाद्र्याने लिहिलेले नाही. तोलेदोच्या त्याच काझी साइद यांनी लिहून ठेवले आहे. पुढे 1195 मध्ये इब्न रुश्द, म्हणजे कॉर्डोबाचे काझी, हकीम आणि तत्त्वज्ञ, यांना हद्दपार करून त्यांची पुस्तके जाळण्यात आली. ती जाळणारा खलिफाही मुसलमानच. त्यांचे काही ग्रंथ मूळ अरबीत उरलेच नाहीत, हिब्रू आणि लॅटिन भाषांतरांमुळे वाचले. यहुदी विद्वान मूसा बिन मैमून याच गावचा. अल-मुवह्हिदांच्या राज्यात गैरमुस्लिमांवर सक्ती झाली तेव्हा त्याच्या कुटुंबाला घर सोडावे लागले. आज दोघांचेही पुतळे गावात आहेत. दोघांसमोर उभे राहा, आणि शक्य तर एकाच दिवशी.

गावाबाहेर काही किलोमीटरवर मदीना अझ-झहरा ही 936 मध्ये बांधायला घेतलेली राजनगरी आहे. पाऊणशे वर्षे झाली नाहीत तोच यादवीत ती लुटली गेली. तिथलेच अबुल कासिम अझ-झहरावी. शस्त्रक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ जेरार्डने लॅटिनमध्ये नेला आणि युरोपातले वैद्य तो काही शतके वापरत राहिले. सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या. डॉक्टर व्हायचे स्वप्न पाहणाऱ्यांनी हे नाव लिहून घ्यावे.

सेव्हिलसाठी दीड दिवस पुरे. तिथला हिराल्डा हा मनोरा म्हणजे 1198 मध्ये पूर्ण झालेला मशिदीचा मिनार. वरचा घंटांचा मजला सोळाव्या शतकातला. आत पायऱ्या नाहीत, चढणीचे पस्तीस टप्पे आहेत, म्हणजे बांग देणाऱ्याला जनावरावर बसूनही वर जाता यावे. म्हातारी माणसेही सावकाश चढू शकतात. खालच्या कॅथेड्रलमध्ये कोलंबसाची कबर पाहायला गर्दी असते. तुम्ही मात्र शहर जिंकणाऱ्या तिसऱ्या फर्डिनंडच्या कबरीवरचे लेख पाहा. ते चार भाषांत आहेत : लॅटिन, स्पॅनिश, अरबी आणि हिब्रू. शेजारच्या अल्काझारमध्ये ख्रिस्ती राजा पेद्रोने चौदाव्या शतकात मुसलमान कारागिरांकडून महाल बांधून घेतला. त्याच्या भिंतींवर अरबी अक्षरांत त्याला ‘सुलतान’ म्हटले आहे.

आता थोडे व्यवहाराचे. आंदालुसियात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. दुपारी लहान दुकाने बंद असतात, रात्रीचे जेवण नऊच्या आधी मिळणे कठीण. खाण्यात डुकराचे मांस सर्रास, कधी भाजीतही त्याचे तुकडे टाकतात, म्हणून मासळी मागवावी किंवा मोरोक्कन लोकांच्या खानावळी शोधाव्यात. भाषेची फार धास्ती नको. साखरेला ते ‘असुकार’ म्हणतात, संत्र्याला ‘नारांखा’, आणि आपण ‘फलाणा’ म्हणतो त्याला ते ‘फुलानो’. ‘इन्शाअल्लाह’च्या जातीचा ‘ओखाला’ हा शब्द तर तिथल्या पाद्र्याच्याही तोंडी असतो.

बार्सिलोना सुंदर आहे. 1882 पासून चाललेले साग्रादा फामिलियाचे बांधकाम पाहून या. व्हॅलेन्शियाला गुरुवार साधता आला तर साधा. कॅथेड्रलच्या दारात भर दुपारी बारा वाजता शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि कालव्याच्या पाण्याचे तंटे तोंडी सुनावणीने तिथल्या तिथे निकालात काढतात. कालवे अंदलूसच्या काळातले. ही पंचायतही तेव्हापासूनची असे तिथले लोक मानतात. राज्य गेले, धर्म बदलला, पाणी वाटायची रीत राहिली.

ग्रॅनडा शेवटी ठेवा. अल्हम्ब्राचे तिकीट महिना-दोन महिने आधी काढावे लागते. त्यावर राजमहालात शिरण्याची वेळ छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. आत भिंतीभिंतीवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा कोरलेले आहे : ‘वला गालिब इल्लल्लाह’, अल्लाहखेरीज विजयी कोणी नाही. खंडणी देऊन अडीचशे वर्षे तग धरलेल्या राजघराण्याचे हे ब्रीद. सिंहांच्या चौकातले पाणी डोंगरातल्या नदीपासून कालव्याने वर आणलेले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी नक्षीइतकाच वेळ त्या पाण्याला द्यावा. समोरच्या अल्बायसिन टेकडीवर 2003 मध्ये नवी मशीद झाली. तिच्या बागेतून पूर्ण अल्हम्ब्रा दिसतो, आणि तिथे नमाजही होते.

मग खाली शहरात उतरा आणि राजाराणीच्या समाधीसमोरची मदरशाची इमारत पाहा. सुलतान यूसुफने ती 1349 मध्ये काढली. आज ती ग्रॅनडा विद्यापीठाच्या ताब्यात आहे. बाहेरून नवी वाटते, आतला नमाजचा दालनखाना जुना. 1492 च्या तहात मुसलमानांना धर्म, कायदा आणि मशिदी राखण्याचे वचन दिलेले होते. दहा वर्षे ते टिकले नाही. 1500 च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोसने अरबी पुस्तकांचा ढीग चौकात पेटवला, वैद्यकाची तेवढी बाजूला काढून ठेवली. मग बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा, असा हुकूम निघाला. 1567 मध्ये अरबी बोलायलाच बंदी आली. तेव्हा नून्येस मुले नावाच्या एका वृद्धाने सरकारला अर्ज लिहिला : भाषा म्हणजे धर्म नव्हे, माल्टाचे आणि जेरुसलेमचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, मग आमच्या बोलण्याचा गुन्हा कसा? अर्जाचा उपयोग झाला नाही. मुसलमानाची भाषा कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रातही अनेकदा विचारला जातो, म्हणून हा अर्ज तुमच्यापुढे ठेवला.

1609 ते 1614 या काळात उरलेल्या सुमारे तीन लाख लोकांना, बाप्तिस्मा झालेल्यांनाही, देशाबाहेर घालवले. त्यांतले बहुतेक अरबी विसरले होते. स्पॅनिश ही त्यांची मातृभाषा, पण ती ते चोरून अरबी लिपीत लिहीत. नमाजची माहिती, पैगंबरांच्या गोष्टी, दुआ, सारे काही. 1884 मध्ये सारागोसाजवळच्या अल्मोनासिद या खेड्यात एक जुने घर पाडताना खोट्या तक्तपोशीखाली अशा वह्यांचा साठा मिळाला. घर सोडून जाताना कोणीतरी तो परत येण्याच्या आशेने झाकून ठेवला असणार. त्यांतल्या बऱ्याचशा आता माद्रिदच्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहेत आणि पानांची छायाचित्रे संगणकावर घरबसल्या पाहता येतात. अक्षर मगरिबी वळणाचे, ‘फे’चा नुक्ता खाली, ‘काफ’वर एकच, पण जेर-जबर सगळे दिलेले आहेत. त्यामुळे आपल्या मक्तबात नाजरा झालेले मूल ती ओळ अडखळत का होईना वाचून दाखवील. अर्थ सांगायला मात्र त्याला आधी स्पॅनिश शिकावे लागेल.